म्हशीची जागा

राहाता,
ता. ८ ऑक्टोबर १९७२

चि. गहिनीनाथ यास अनेक आशीर्वाद.

जूनपासून तुला एकही पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता. एक गोष्ट ठरत नव्हती आणि ती ठरल्याशिवाय तुला काही सांगावंसं वाटत नव्हतं.

मी शाळेतून एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली आहे. पुण्याच्या एका प्रकाशकांना मी आपल्या वाडीबद्दल लिहिलेली चार टिपणं पाठवली होती. आईचं जातं, पाण्याच्या खेपा, चुलीपुढचं बायकांचं बोलणं, असं. त्यांना ती आवडली. त्याचं पुस्तक करू म्हणाले. गुढीपाडव्यापर्यंत सगळं लिहून द्यायचं आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईने नोकरी सोडून लिहीत बसावं का, हे मी स्वतःला रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर देते.

अडचण जागेची होती. दोन खोल्यांत आम्ही दोघं, सासूबाई आणि शिकायला ठेवलेल्या दोन पुतण्या. स्वयंपाकघरात पाटावर वही उघडली की कोणाला तरी मीठ हवं असतं. म्हणून मागची म्हशीची पडवी मोकळी केली. म्हैस गेल्या वर्षीच यांच्या भावाकडे दिली होती. गव्हाण काढली, मुरूम टाकून जमीन चोपून घेतली, सारवली, भिंतींना दोनदा चुना दिला. पुंजाराम सुताराने पूर्वेकडे खिडकी बसवून दिली. शाळेने मोडीत काढलेली एक खुर्ची आणली आहे. आता फक्त मेज नाही. सध्या साबणाच्या खोक्यावर लिहिते, ते डुगडुगतं.

गहिनी, आबा जायच्या आधी म्हणाले होते ते तुला आठवतं का? बांधावरचा कडुलिंब मनकर्णाच्या लिहायच्या मेजासाठी ठेवलाय, असं. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आज मी तो मागते आहे. साडेतीन फूट बाय दोन फूट, एवढ्याच फळ्या पुरतील. लाकूड राहात्यालाही मिळतं, हे मला कळतं. पण मला तिथलं हवं आहे. आबा गेल्यावर त्या घरात माझं काय उरलं, हा प्रश्न कधी कधी मनात येतो. तो तुला विचारावा की नाही हे न कळून मी फळ्या मागते आहे, असंही असेल.

मागत्या लेकीला आपल्या घरात कोणी कधी नाही म्हटलेलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम लिहिते, जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हण.

दिवस संपताना वहीत उद्याचं एकच काम लिहून ठेवायची माझी सवय अजून गेलेली नाही. काल लिहिलं होतं: गहिनीला पत्र टाकणे. ते आज झालं.

आईला नमस्कार. कडूबाईला आशीर्वाद.

तुझी आक्का,
मनकर्णा


वाडी, ता. जामखेड
२० ऑक्टोबर १९७२

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दसऱ्याच्या आधी आलं. मी आईला आणि कडूला वाचून दाखवलं. आईला प्रकाशक म्हणजे कोण हे कळलं नाही, मी सांगितलं की पुस्तकाचा आडतदार. ती म्हणाली, मग मनकर्णाचा माल चांगला आहे म्हणायचा.

कडूने तुला एक निरोप सांगितला आहे, तिच्याच शब्दांत लिहितो. "आक्काला म्हनावं, म्हशीच्या जागी बसून लिवनार, तर धार किती देनार ते आदी सांगा." मी तिला म्हटलं असं लिहू नये. ती म्हणाली लिवाच, आक्का हसतील.

लिंबाचं म्हणशील तर तो तुझाच आहे. त्यात विचारायचं काय? दसरा झाला, आता दिवाळीच्या आत तोडून फळ्या पाडून घेतो. आपला सुतार सध्या सरकारी कामावर खडी फोडायला जातो, पण रविवारी घरी असतो.

पाऊस इकडे जरा कमीच झाला. बाजरी हाताला लागली नाही. विहिरीला गुडघाभर पाणी आहे. हौश्या आणि पाखऱ्या बरे आहेत. तू काळजी करू नकोस. तिथे पाटाच्या पाण्याच्या मुलखात बसून तू सुखाने लिही. आबांचा एक तरी शब्द खरा झाला असं होईल.

दाजींना नमस्कार.

तुझा,
गहिनीनाथ


राहाता,
ता. १९ नोव्हेंबर १९७२

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

भाऊबीजेला मी दुपारी तीनपर्यंत जेवले नाही. पाट मांडलेला होता. सासूबाई म्हणाल्या, "एसटी चुकली असंल." संध्याकाळी त्यांनीच पाट उचलून भिंतीला लावला. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. तू आला नाहीस आणि दोन ओळीही आल्या नाहीत.

फळ्याही नाहीत. तुला मी लिहिलं होतं की नाही म्हणालास तर चालेल. तू हो म्हणालास आणि मग गप्प बसलास. यातून मी काय समजायचं? कडूबाईच्या मनात नसेल तर तसं लिही. मी तिला दोष देणार नाही. तुझ्या संसारातलं लाकूड मागायचा मला हक्क नाही, असं तिला वाटलं तर ते चूक नाही.

हे लिहिलं आणि वाटलं, खोडावं. खोडत नाही, कारण मनात आलं होतं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण मी सुरू केलं आहे. मला तुझ्याकडून काही माहिती हवी आहे. या दिवसांत बैलांना काय घालता, पाणी कोण आणतं आणि किती लांबून, संध्याकाळी आई काय करते. मला आठवतं ते वीस वर्षांपूर्वीचं आहे. आजचं खरं लिहायचं तर तूच सांगायला हवंस. मी इथे हिरव्या उसाकडे तोंड करून आपल्या कोरड्या रानाबद्दल लिहिते, त्याची आधीच लाज वाटते. त्यात चुकीचं लिहिलं तर ती लबाडी होईल.

आमच्याकडे साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. हे कारखान्याच्या शेतकी खात्यात असल्यामुळे पहाटे जातात आणि दिवे लागल्यावर येतात. हल्ली फार बोलत नाहीत. मी रजा घेतली ते त्यांना रुचलं नसावं.

तुझी आक्का


वाडी, ता. जामखेड
२८ नोव्हेंबर १९७२

तीर्थस्वरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला येता आलं नाही. पाय मुरगळला होता. आता बरा आहे. पत्र टाकायला हवं होतं, चुकलं. कडूच्या मनात तसं काही नाही. तिच्यावर तो संशय घेऊ नको एवढं मागतो.

आपल्या वाडीचा बन्सी ट्रकवर आहे, तो शिर्डीला माल घेऊन येतो. त्याच्याबरोबर फळ्या पाठवल्या आहेत. राहात्याच्या मोटार स्टँडसमोर चहावाल्याकडे ठेवील. त्या लिंबाच्या नाहीत, बाभळीच्या आहेत. लिंब अजून ओला आहे, ओल्या लाकडाचं मेज पिळवटतं. बाभळ जुनी आणि मुरलेली आहे, नातवंडांपर्यंत टिकेल. हे पत्रही त्याच्याच हाती देतो.

तू विचारलंस ते लिहितो. पाणी आई आणि कडू आणतात, मारुतीच्या मळ्यातून. आई संध्याकाळी शेळ्यांपाशी बसते. हौश्या आणि पाखऱ्या दावणीला आहेत. सकाळी वाढं खातात, दुपारी बसून रवंथ करतात, पाखऱ्या अजून कोणी जवळून गेलं की शिंग हलवतो. त्यांची काळजी करू नको. तुझ्या पुस्तकात त्यांची नावं घातलीस तर बरं वाटेल.

जास्त लिहायला उजेड नाही.

गहिनीनाथ


राहाता,
ता. १७ डिसेंबर १९७२

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

फळ्या पोचल्या. मेज झालं. खिडकीपाशी ठेवलं आहे आणि आठ दिवस मी त्यावर एक ओळ लिहिलेली नाही. कारण सांगते.

पुंजाराम फळ्यांना रंधा मारत होता. मी चहा घेऊन गेले तर तो हात थांबवून बसला होता. म्हणाला, "बाई, कुनी दिल्या ह्या?"

"भावाने. का?"

"ह्या गाडीच्या हायेत. तळाच्या, साटीच्या. ही बघा खुंट्यांची भोकं. आन ह्यो काळा डाग वंगनाचा हाय, रंध्यानं जायचा न्हाई." मग म्हणाला, "चालती गाडी कुनी मोडत न्हाई, बाई."

मी त्याला म्हटलं, जुनी असेल, नवी केली असेल. त्याने रंधा पुन्हा चालू केला. तो गेल्यावर मी फळ्या उलटून पाहिल्या. मधल्या फळीच्या खालच्या अंगाला 'म' कोरलेला आहे. जेजुरीला जाताना वाटेभर मी खिळ्याने तो कोरत होते, आठ वर्षांची होते, आणि आबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. ही आबांची गाडी आहे, गहिनी.

तेव्हा सरळ विचारते. गाडी का मोडलीस? बैल कुठे आहेत?

आणखी एक. तुझ्या पत्रावरून मी बैलांवर दोन पानं लिहिली. जेवताना यांना वाचून दाखवली. पाखऱ्या वाढं खातो, त्या ओळीला यांचा घास हातात राहिला. "ही पानं पाठवू नकोस," एवढंच म्हणाले आणि उठले. मी विचारलं, का, वाईट झाली आहेत का? "वाईट नाहीत." मग का, तर हात धुवायला निघून गेले. मला राग आला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकरण पुण्याला पाठवून दिलं. आता हे लिहिताना मला दिसतं की वाढं म्हणजे उसाचा शेंडा. आपल्या वाडीत ऊस कुठे आहे? सरकारी चारा म्हणून ट्रकने येत असेल, अशी मी माझी समजूत घातली आहे. ती समजूत बरोबर आहे का, एवढं लिही.

तुझं उत्तर येईपर्यंत मी खोक्यावरच लिहीन.

तुझी आक्का


वाडी, ता. जामखेड
८ जानेवारी १९७३

चि. मनकर्णास भागूबाईचा आशीर्वाद. पोस्टमन रंगनाथ लिहितो, आई सांगते तसंच लिहितो.

मने, तुजं गहिनीच्या नावाचं पत्र आलं ते फोडलं न्हाई. आदीच्यावानी बन्सीकडं दिलं, त्याच्या पाचटाच्या कोपीवर पोचव म्हनून. खरं तर तू तितं त्याच्या उशाला असून हितं कशाला पत्र टाकतीस ते मला उमगत न्हाई. रंगनाथ म्हनतो शिकल्याली मानसं असंच करत्यात.

मी बरी हाय. दोन शेळ्या राहिल्या. लिंबाचा पाला पाडून घालते, दुसरं कायच हिरवं न्हाई. तुजा लिंब हुता म्हनून शेळ्या जगल्या. गहिनी तोडाय निघाला हुता, कुऱ्हाड घेऊन गेला आन तसाच माघारी आला. मग त्यानं गाडी मोडली. बैल तर दिवाळीच्या आदीच जामखेडच्या बाजारात दिले हुते. दावनीकडं बघवत न्हाई म्हनून मी तितं सरपन रचून ठिवलंय.

दिवाळीला दोगं ऊस तोडाय तुज्या कारखान्याला गेले तवापून घर खायला उठतं. पन तू जवळ हाईस म्हनून मला घोर न्हाई. बन्सीनं सांगितलं, कडूच्या हाताला कोयता लागलाय, पंजाला, लई सुजलाय म्हनं. म्या त्याला म्हनलं, मनी हाय तितं, तिच्या घरी निजत आसंल कडू, तिला दवाखाना दाखीवला आसंल. बरा झाला का हात? तिला पान्यात हात घालू दिऊ नगं. रागीट हाय पन कामाची हाय.

संक्रांतीला दोघांना माज्या नावानं तिळगूळ दे.

निशाणी अंगठा, भागूबाई


राहाता,
१३ जानेवारी १९७३, दुपार

गहिनी,

आईचं पत्र आज आलं. ती समजते की कडूबाई माझ्याकडे आहे.

हे घरी जेवायला आले तेव्हा पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाले, "नोव्हेंबरात गोरक्ष मुकादमाच्या टोळीच्या यादीत नाव पाहिलं. कोपीवर गेलो. त्याने माझे पाय धरले. आक्काला कळलं तर दुसऱ्या दिवशी टोळी सोडून जाईन म्हणाला. काय करायला हवं होतं मी?"

मी विचारलं, हाताचं माहीत होतं? ते म्हणाले, "लागलंय एवढं कळलं होतं. सुजलाय हे आत्ता वाचतोय." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. ठेवला नसता तर काय केलं असतं, हे मला ठरवता येत नाही.

हे पत्र त्यांच्याच हाती पाठवते. हात किती सुजला आहे? ताप आहे का? काळं पडलं आहे का? उत्तर यांच्याबरोबरच दे. मी उद्या येते.

आक्का


कोपीवरून
१३ तारीख, शनवार

आक्का,

पेन्सिलीने लिहितो. दाजी शेजारी उभे आहेत.

तू येऊ नकोस. हात जोडून सांगतो. आमच्या टोळीत वाडीची आणि शेजारच्या गावांची मिळून वीस घरं आहेत. सगळ्यांना ठाऊक आहे की आबांची लेक बी. ए. झाली, बाई झाली, पाण्याच्या मुलखात दिली. त्या लेकीने भावाला फडात काळा झालेला, गोणपाटाचं चवाळं पांघरलेला बघू नये. कोयता घेण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. वीस घरं घेतात. पण तुझ्या डोळ्यांपुढे मला तो घेता येणार नाही. एवढं एक राहू दे.

तुला खोटं लिहिलं ते कबूल आहे. शेजारच्या कोपीपुढे दुसऱ्यांची बैलजोडी असते, ती वाढं खाते. त्यातला एक पाखऱ्यासारखा शिंग हलवतो. त्याच्याकडे बघून लिहिलं. तू माहिती मागितलीस आणि माझ्याकडे दुसरी नव्हती.

गाडीचं एवढं मनाला लावून घेऊ नको. बैल गेल्यावर ती दारात नुसती धुरा वर करून उभी होती. लिंब तोडला असता तर आईच्या शेळ्या मेल्या असत्या. आणि तू मागितलं होतंस. नाही कसं म्हणायचं?

कडूला नववा दिवस आहे. अंगठ्याच्या बेचक्यात लागलंय. हळद बांधली. सूज मनगटाच्या वर गेली आहे. काल ताप होता. ती फडात येत नाही, मी तोडतो आणि मोळ्याही मीच बांधतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती कोपीत असली तर मुकादम कोयता पुरा धरतो. ती गेली तर मी अर्धा झालो. मग टोळीत कोण ठेवील? म्हणून तिला पाठवता येत नाही. ती स्वतःही जाणार नाही.

गहिनी


राहाता,
ता. १४ जानेवारी १९७३, संक्रांत

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तू येऊ नको म्हणालास आणि मी आले. पण तुला बघायला आले नाही, हे आधी लिहिते. यांना विचारून घेतलं की तुमची टोळी आज पाटाच्या पलीकडच्या फडात आहे आणि दुपारी चारच्या आत परतत नाही. अकराला गेले. तू कसा दिसतोस हे मला अजूनही ठाऊक नाही. तुझं ते एक राहिलं आहे.

संक्रांतीला सवाशणीने सवाशणीकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही. ताटात वाण घेतलं, वरून रुमाल टाकला. पाटाच्या कडेने तुमच्या कोप्या दिसल्या तेव्हा पाय थांबले. मी स्वतःला विचारलं, आपण हे कडूबाईसाठी करतो आहोत की आपल्या मनाची टोचणी जावी म्हणून? मग चालत राहिले.

कडूबाई कोपीच्या तोंडाशी बसून डाव्या हाताने भाकरी थापत होती. उजवा हात मांडीवर, लुगड्याच्या चिंधीत. मला पाहून उठली नाही. म्हणाली, "आक्का, म्हशीची जागा सोडून हिकडं कुठं?"

मी हसले आणि मग पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, "रडू नगा. बाया बगत्यात. त्यांना वाटंल मीच मेले."

मी चिंधी सोडली. तो वास मी तुला लिहीत नाही, तू रोज त्याच्याजवळ झोपतोस. मनगटाच्या वर तांबडी रेघ चढत होती. मी म्हटलं, दवाखान्यात चल. ती म्हणाली, "त्यास्नी इचारल्याबिगर न्हाई." मी म्हटलं, विचारून होईपर्यंत हात जाईल. त्यावर म्हणाली, "जाऊन माघारी यायचं आसंल तर येते. ऱ्हायाला न्हाई."

तेवढं तरी. हे पाटापलीकडे टांगा घेऊन थांबले होते. डॉक्टरांनी सणाच्या दिवशी घरीच पाहिलं. जखम उघडून धुतली, बराच पू निघाला. ती ओरडली नाही, माझा दंड मात्र धरून होती, त्यावर तिची बोटं उठली आहेत. इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, आज आलात म्हणून हात आहे. आता पंधरा दिवस रोज पट्टी बदलायची, हाताला माती, राख आणि घाण पाणी लागू द्यायचं नाही. नाही तर आधी अंगठा जाईल आणि नंतरचं ते सांगू शकत नाहीत. कोपीत हे होणार नाही, हे तुलाही कळतं. चारच्या आत तिला परत नेऊन सोडलं, कारण तिला तसा शब्द दिला होता.

गोरक्ष मुकादमाशी मी बोलले. यांच्या नोकरीचा धाक दिल्यासारखं होईल म्हणून यांना लांब उभं केलं. मी नुसतं विचारलं, कडूबाईला घरी नेलं तर कोयत्याचं काय. तो तंबाखू मळत म्हणाला, "बाई, ती कोपीत बसली काय आन तुमच्या घरी बसली काय, फडात मला एकच मानूस दिसतो. त्यो दोघांचं काम करतोय. त्याला मी काढीन का? त्याला म्हनावं, कोयता पुरा धरलाय." हे तुला ठाऊक नव्हतं, कारण तू त्याला विचारलंच नसशील. आपण दोघं एकाच घरचे आहोत. मनात धरायचं आणि विचारायचं नाही.

काल रात्री माझ्या वहीतून तुला पाठवलेल्या पत्रांच्या नकला काढून वाचल्या. फळ्या, भाऊबीज, माहिती, कडूबाईवर संशय. तू हो म्हणत गेलास आणि मी आणखी मागत गेले. तू खोटं लिहिलंस, पण तसं लिहायची पाळी कोणी आणली, हे माझ्या अक्षरात समोर आहे. पुण्याला कळवलं आहे की पहिलं प्रकरण छापू नये, त्यात बैल खोटे आहेत. ते काय म्हणतील माहीत नाही. आईला अजून काही लिहिलेलं नाही. कडूबाई माझ्याकडे आहे असं ती समजते. ते खरं झाल्यावर लिहीन.

आता जे सांगायचं ते.

मी परत मागते आहे. मागत्या लेकीला आपल्या घरात कोणी नाही म्हटलेलं नाही, आणि तू तर गाडी मोडून दिलीस. कडूबाईला हात बरा होईपर्यंत माझ्याकडे दे. लिहायच्या खोलीत तिची व्यवस्था करते. मला त्रास होईल, अडचण होईल असं मनात आणू नकोस, होऊ दे. मेज खिडकीपाशीच राहील आणि मी त्यावरच लिहीन. ती शेजारी असताना मी वाडीबद्दल काही चुकीचं लिहिलं तर ती लगेच सांगेल, आणि गोड शब्दांत सांगणार नाही.

तिला सोडायला तू यायला नको. हे उद्या सकाळी दहाला टांगा घेऊन पाटापाशी थांबतील. तू फडात गेलेला असशील. तिने फक्त एवढं विचारलं आहे की तू हो म्हणालास का. आज रात्री तिला तेवढं सांग.

तिळगूळ सोबत आहे. आईच्या नावाचा आहे.

तुझी आक्का,
मनकर्णा

उद्याचं काम: खोलीत गव्हाणीच्या जागी खाट टाकणे.